आपला भाव आपणच ठरवायचा

रोममधल्या एका श्रीमंताच्या घरातली गोष्ट. मालकाला शौचाचं भांडं लागतं. ते हातात धरून गुलामानं उभं राहायचं. एक गुलाम मुकाट्यानं धरतो. त्याचा हिशेब सरळ आहे. नाही धरलं तर फटके बसतील, खायला मिळणार नाही. धरलं तर दोन्ही टळेल. दुसऱ्या गुलामाला ते धरणं सहन होत नाहीच, पण शेजारचा धरतोय हे बघणंही सहन होत नाही.

ही गोष्ट सांगणारा माणूस स्वतः गुलाम होता. एपिक्टेटस त्याचं नाव. भांडं धरू का नको, असं कुणी विचारलं तर तो सांगायचा की फटके आणि भाकरीच तोलायची असेल तर धर बाबा. पण तू स्वतःला काय भावानं विकतोस, हा हिशेब मी करू शकत नाही. तो तुझा तुलाच करावा लागेल.

दोस्तांनो, हे भांडं आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या आज्ज्यांनी ते डोक्यावरून वाहिलंय. 1993 साली त्याविरुद्ध कायदा झाला, 2013 साली दुसरा झाला, तरी गटारात उतरून आपली माणसं अजून मरतायत. ते भांडं रस्त्यावर उघड दिसतं, म्हणून त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. मला बोलायचंय ते न दिसणाऱ्या भांड्याबद्दल. दोस्तीत, प्रेमात, चळवळीत आपण जे हसत हसत हातात धरतो, त्याबद्दल.

कॉलेजात ग्रुप जमतो. कँटीनमध्ये कुणीतरी सवलतीवर विनोद करतो. सगळे हसतात. आपला पोरगाही हसतो. नुसता हसत नाही, इतरांपेक्षा जरा जोरात हसतो. मग कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस यार.’ आणि हा साला खूश होतो! त्याला वाटतं, मान मिळाला. अरे, तुझी आई, तुझा बाप, तुझी सगळी वस्ती एका वाक्यात उकिरड्यावर फेकली आणि वर तुलाच आभार मानायला लावले. हेच ते भांडं.

प्रेमात पडलेली पोरगी त्याच्या आईला भेटायला जाते. जाण्याआधी तो म्हणतो, ‘आडनाव सांगू नकोस, नुसतं नाव सांग. आणि ते गळ्यातलं लॉकेट काढून ठेव आजच्या दिवस.’ ती बाबासाहेबांचं लॉकेट काढते, पर्समध्ये ठेवते. आजच्या दिवस म्हणता म्हणता पाच वर्षं जातात. लॉकेट पर्समध्येच.

पुरोगामी मित्रांची मिटिंग असते. सतरंज्या आपण टाकायच्या, पोस्टर आपण चिकटवायची, ‘दलित प्रश्ना’वर भाषण त्यांनी करायचं. आपण बोलायला उभं राहिलो की आपलं बोलणं ‘फार भावनिक’ असतं.

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 साली आला. साठ वर्षांहून जास्त झाली. खोली भाड्यानं घेताना जात चोरायची पाळी अजूनही येते, ती पोटासाठी, डोक्यावरच्या छपरासाठी. पण मित्र मिळावा म्हणून, कुणी आपलं म्हणावं म्हणून आपण रोज थोडी थोडी जात चोरतो, तिचा हिशेब कुणी मांडायचा?

इथं मला तो लंगडा गुलाम आठवतो. तुम्ही म्हणाल, आपल्याला फुले आहेत, बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत, मग हा रोमन कशाला? थांबा. माणूस कोण होता ते आधी बघा.

इसवी सन 50च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या हायरापोलिस गावी तो जन्मला. एपिक्टेटस म्हणजे ‘मिळवलेला’. बाजारातून वस्तू आणावी तसं नाव. त्याचा मालक एपाफ्रोडिटस हा नीरो बादशहाचा चिटणीस, आणि गंमत म्हणजे तोही पूर्वीचा गुलामच. वरून लाथ खाल्लेला खालच्याला लाथ घालतो, ही शिडी फक्त आपल्याकडेच नव्हती. गुलामीत असतानाच एपिक्टेटस मुसोनियस रूफसकडं स्टोइक तत्त्वज्ञान शिकला. पुढं सुटला, शिकवायला लागला. डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना रोमबाहेर हाकललं, तेव्हा यानं ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा काढली. स्वतः त्यानं काही लिहिलं नाही. आरियन नावाच्या शिष्यानं त्याचं बोलणं उतरवून घेतलं म्हणून ते राहिलं.

त्याच्या शिकवणीचा गाभा साधा आहे. जगातल्या गोष्टींचे दोन ढीग करा. एका ढिगात जे आपल्या हातात आहे ते: आपला निवाडा, आपला होकार, आपला नकार. दुसऱ्या ढिगात जे आपल्या हातात नाही ते: शरीर, पैसा, पद, लोक आपल्याला काय म्हणतात ते. माणसाची दुर्दशा कधी होते? दुसऱ्या ढिगातल्या वस्तूसाठी तो पहिला ढीग गहाण ठेवतो तेव्हा.

आता हे नात्याला लावून बघा. समोरच्यानं माझ्यावर प्रेम करावं, हे माझ्या हातात नाही. त्याच्या घरच्यांनी मला माणूस समजावं, हेही नाही. पण त्यासाठी मी माझं नाव खाली ठेवायचं की नाही, हे शंभर टक्के माझ्या हातात आहे. एपिक्टेटस विचारायचा, तुमचं शरीर कुणी वाटेवरच्या कुठल्याही माणसाच्या ताब्यात दिलं तर तुम्ही चिडाल. मग आपलं मन मात्र येईल त्याच्या हातात कसं देता? कुणी चार शब्द वाईट बोललं की तुमचा दिवस काळा, कुणी चार शब्द गोड बोललं की तुम्ही पाघळलात. किल्ली कुणाकडंय?

बुद्धाचीही अशीच गोष्ट आहे. भारद्वाज गोत्राच्या एका ब्राह्मणानं बुद्धाला शिव्या दिल्या. बुद्धानं विचारलं, तुझ्या घरी पाहुणे येतात, तू त्यांना जेवण वाढतोस, त्यांनी ते घेतलं नाही तर ते कुणाचं राहतं? तो म्हणाला, माझंच. मग या शिव्याही तुझ्याच राहिल्या, मी घेतल्या नाहीत. म्हणजे हा विचार आपल्या घरचाच आहे. रोमच्या गुलामाला तो वेगळ्या वाटेनं सापडला, एवढंच.

त्याचा आणखी एक दाखला मला फार आवडतो. बाजारात पालेभाजी एका ओबोलला मिळते. ओबोल म्हणजे तिथलं चिल्लर नाणं. एकानं नाणं दिलं, भाजी नेली. तुम्ही नाणं दिलं नाही, भाजी मिळाली नाही. यात रडायचं काय? त्याच्याकडं भाजी आहे, तुमच्याकडं नाणं आहे. तसंच, बड्या माणसाच्या घरी तुम्हाला जेवायला बोलावलं नाही. त्या जेवणाची किंमत होती त्याची खुशामत. ती तुम्ही दिली नाही. मग तुमच्याकडं काहीच उरलं नाही का? उरलं की! ज्याची स्तुती करायची नव्हती, त्याची केली नाही, हे उरलं.

त्या ग्रुपमध्ये तुला यापुढं बोलावलं नाही, तर हे आठव. विनोदावर हसणं ही तिथली फी होती. तू भरली नाहीस. नाणं खिशात आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला बडोद्याचा प्रसंग बघा. 1917 साल. परदेशातून शिकून आलेला माणूस, दरबारची नोकरी, आणि गावात राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहिले. कळल्यावर लाठ्या घेऊन लोक आले, संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. दोघांनी ‘नाही’ हा शब्द तोंडानं उच्चारलासुद्धा नाही. बाबासाहेब बागेत बसून राहिले, रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. पुढं त्यांनीच हा प्रसंग स्वतःच्या हातानं लिहून ठेवला, नाव बदलून राहिल्याचंही लपवलं नाही. ज्याला आपला भाव माहीत असतो, त्याला आपली हतबलता सांगायची लाज वाटत नाही. लाज त्या दाराची आहे, बाहेर उभ्या राहिलेल्याची नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी उसळून म्हणेल, च्यायला, हे तर गुलामाचं समाधान झालं! मन शांत ठेवा, बाहेरचं बदलत नाही. आपल्याला हजारो वर्षं हेच तर शिकवलं.

बरोबर आहे. म्हणून इथं त्या गुलामाशीही भांडलं पाहिजे. एपिक्टेटसनं गुलामगिरी दुसऱ्या ढिगात टाकली, हातात नसलेल्या गोष्टींच्या. सेनेका गुलामांशी माणुसकीनं वागा म्हणाला, गुलामगिरी मोडा म्हणाला नाही. मार्कस ऑरेलियस हा तर सम्राट. एपिक्टेटसची वचनं त्यानं भक्तीनं वाचली. गुलामाचा विचार सम्राटाच्या टेबलावर पोचला, पण साम्राज्यातला गुलाम बाजारातच उभा राहिला.

बाबासाहेबांनी हे ढीग उधळले. महाडच्या नगरपालिकेनं 1924 सालीच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, पण पाणी कुणी घेऊ देत नव्हतं. एकट्या माणसाच्या हातात ते नव्हतंच. 20 मार्च 1927 ला हजारोंचा जमाव तळ्यावर गेला, तेव्हा ते हातात आलं. म्हणून आपण तिसरा ढीग मांडायचा: जे माझ्या एकट्याच्या हातात नाही, पण आपल्या सगळ्यांच्या हातात आहे ते. भांडं धरणारा शेजारी ज्याला बघवत नाही, त्या दुसऱ्या गुलामापासून हा ढीग सुरू होतो.

हा तिसरा ढीग विसरून कुणी तुम्हाला ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणालं, तर समजा की तो तुमचं मन सांभाळत नाही, स्वतःची सोय सांभाळतोय. 2014 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला नितीन आगे हा शाळकरी पोरगा वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारला गेला. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. तिथं त्याच्या आईबापाला मनःशांतीचं प्रवचन कोण देणार? ज्या समाजात नुसतं बोलल्याबद्दल मरण आहे, तिथं प्रेम ही खासगी बाब नसते. सुऱ्याला सुरा म्हणायचं, केस करायची, मोर्चा काढायचा. मनाची किल्ली आपल्याकडं ठेवायची ती यासाठीच, लढताना हात थरथरू नये म्हणून.

आता शेवटचं, आणि हे पोरांना लागेल. बाहेर दिवसभर अपमान गिळलेला आपला कार्यकर्ता घरी येऊन काय करतो? बायकोवर ओरडतो. बहिणीचा मोबाइल तपासतो. तिनं कुणाशी बोलायचं ते ठरवतो. बाहेर पँथर, घरात एपाफ्रोडिटस! बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं, ते कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवावं लागलं. बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात बाईला आपली वही लपवावी लागली. ज्या मुसोनियसनं एपिक्टेटसला शिकवलं, तो त्या काळात म्हणत होता की मुलींनाही मुलांसारखंच शिकवा, तत्त्वज्ञान बाईलाही हवं. आपण त्याच्याही मागं राहायचं? तिच्या हातात भांडं देऊन तुझा हात स्वच्छ होत नाही.

आणि स्वत्व जपायचं म्हणजे दगड व्हायचं, असंही नाही. एपिक्टेटस सांगायचा की भाऊ वाईट वागला, तरी तू भाऊ म्हणून आपलं वागणं सोडू नकोस. तो काय करतो ते बघू नकोस, तू काय करायचंस ते बघ. यात मला मोठी मोकळीक दिसते. प्रेम जरूर करा. जातीबाहेर करा, जीव लावून करा. मित्रासाठी रात्री धावून जा. पण जाताना आडनावासकट जा. समोरचा राहिला तर तुमच्यासोबत राहील. गेला तर तुम्ही सोंग घेऊन उभ्या केलेल्या भलत्याच कुणासोबत तरी राहत होता, तो गेला. तुम्ही होतात तिथंच आहात.

तेव्हा उद्या कँटीनमध्ये तो विनोद झाला की एकच करायचं. हसायचं नाही. भांडलंच पाहिजे असं नाही, भाषणही नको. तोंडावरचं हसू तेवढं काढून घ्यायचं, आणि सरळ बघायचं. टेबलावर शेजारी आपला दुसरा कुणी हसायच्या बेतात असेल, तर त्याच्याकडंही बघायचं. त्याला कळेल.

आणि पोरी, ते लॉकेट पर्समधून काढ. गळ्यात घाल.

जयभीम.