संख्येचे अंतरंग

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांत अंकांचा वावर अहोरात्र चालू असतो. मोटारीच्या सांगाड्यावर क्रमांक, यंत्राच्या सुट्या भागावर क्रमांक, कामगाराच्या ओळखपत्रावर क्रमांक. वस्तू ओळखता आली की क्रमांकाचे काम संपले, अशीच सर्वांची समजूत असते. संख्येवर हा मोठा अन्याय आहे.

चाकणचा टपाल क्रमांक ४१०५०१ हाच पाहावा. असे सहा अंकी क्रमांक टपाल खात्याने १९७२ साली सुरू केले. हा क्रमांक खाते उद्या बदलूही शकेल. परंतु ४१०५०१ या संख्येला ७ ने नि:शेष भाग जातो, ही गोष्ट कोणत्याही खात्याला बदलता येणार नाही. भागाकार न मांडताही ती कळते. संख्येचे ४१० आणि ५०१ असे दोन तुकडे करावेत. ४१० ला १००१ ने गुणले की ४१०४१० येतात. ते दिलेल्या संख्येतून वजा केल्यावर ९१ उरतात. दोन तुकड्यांची वजाबाकीही तेवढीच! आता १००१ म्हणजे ७ × ११ × १३, आणि ९१ म्हणजे ७ × १३. तेव्हा ७ व १३ यांनी भाग जाणार, ११ ने जाणार नाही. ९१ ने भागल्यावर येणाऱ्या ४५११ मध्येही १३ पुन्हा दडलेलेच असतात. अखेर उरते ३४७ ही मूळ संख्या. ती काही केल्या फुटत नाही.

याचा उपयोग काय, असे यंत्रांच्या सान्निध्यात वाढणारा मुलगा विचारील. नाशिकजवळील देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या संशोधनाकडेही अनेकांनी केवळ खेळ म्हणून पाहिले. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन:पुन्हा करावी. सात खेपांच्या आत ६१७४ येतातच, हे त्यांनी १९४९ साली दाखवले. इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात अशा अंकविशेषांना कोड्यांच्या सदरात जागा दिली होती. ६१७४ ची करामत दशमान लेखनावर अवलंबून आहे, हे खरेच. ७ × १३ × १३ × ३४७ हे अवयव मात्र कोणत्याही लेखनपद्धतीत तेच राहतात. तरीही हार्डींचा निवाडा अपुरा वाटतो. चाकणच्या संख्येचे हे अवयव हाती आले, ते तिच्या दशमान लेखनाचे दोन तुकडे केल्यामुळेच. खेळाच्या वाटेने गेलेले मूल अशा रीतीने संख्येच्या गाभ्यापर्यंत पोचते. केवळ पाढे घोकणाऱ्या मुलाला ती वाट सहसा दिसत नाही.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीचा टपाल क्रमांक ४११०२६ आहे. तेथे ४११ मधून २६ वजा करावे लागतात. उरलेल्या ३८५ ला ७ ने भाग जातो, ११ नेही जातो. १३ ने मात्र जात नाही.