अभ्यासाची चटई : उणे गुणिले उणे, अधिक कसे?



सातवीच्या गणितात पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार सुरू झाले की घरोघरी एक प्रश्न उठतोच. उणे गुणिले उणे, अधिक कसे? शिकवणीत बहुधा सांगतात, "नियमच आहे तसा, पाठ कर." आम्हाला हे उत्तर मान्य नाही. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्त गावी कालामांना सांगितले. ते काय फक्त वंदनेच्या दिवसापुरते?

"आम्ही कुठे शिकलो, मुलाला काय सांगणार?" असे अनेक माता-भगिनी म्हणतात. पण ऋण म्हणजे कर्ज आणि धन म्हणजे गाठीचा पैसा. हप्त्यांवर संसार ओढणाऱ्या बाईला ऋण कोणी शिकवायला हवे का? ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात हेच दोन शब्द घेऊन चिन्हांचे नियम मांडले होते.

आता चटईवर मुलाशेजारी बसा. समजा, डब्यात थोडी पुंजी आहे. नवी भर पडत नाही आणि दरमहा ३०० रुपयांचा हप्ता त्यातून जातो. म्हणजे महिन्याचा हिशेब −३००. आणखी चार महिन्यांनी काय होईल? ४ × (−३००) = −१२००. आजच्यापेक्षा बाराशे कमी. इथवर कोणी अडत नाही.

आता मागे वळून पाहा. पुढचे महिने अधिक धरले, तर मागचे उणे. चार महिन्यांपूर्वी म्हणजे −४. तेव्हा डब्यात किती होते? चार हप्ते जायचे होते, म्हणजे आजच्यापेक्षा बाराशे जास्तच! (−४) × (−३००) = +१२००. पाठ काय करायचे यात? बोटावर मोजून बघा.

भागाकार याच डब्यात आहे. बाराशे कमी कधी होतील? (−१२००) ÷ (−३००) = ४, चार महिन्यांनी. बाराशे जास्त कधी होते? १२०० ÷ (−३००) = −४, चार महिन्यांपूर्वी. चिन्हे सारखी तर उत्तर धन, वेगळी तर ऋण.

मात्र एक खड्डा आहे आणि हुशार मुलेही त्यात पडतात. −५ − ३ दिसले की "दोन उणे, म्हणजे अधिक" म्हणून ८ लिहून मोकळी होतात. अहो, हा गुणाकार नव्हे! वाण्याचे पाच रुपये देणे, त्यात आणखी तिनाची उधारी. उत्तर −८. वही उघडून हे आजच तपासा.

जाता जाता एक गंमत. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे ब्रह्मगुप्ताने म्हटले होते. आजचे गणित ते मानत नाही, शून्याने भागताच येत नाही. माणूस कितीही मोठा असो, गणित त्याची भीड ठेवत नाही.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा सवर्ण मुले फळ्यामागचे आपले जेवणाचे डबे हलवायला धावली, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. तरी बाबासाहेबांनी उदाहरण सोडवले. आज आपली मुलगी फळ्यापाशी जायला बिचकते ती "चुकले तर हसतील" म्हणून. आदल्या रात्री चटईवर "का" कळलेले असेल, तर ती बिचकणार नाही.

या आठवड्याचे उदाहरण : दरमहा २५० रुपये हप्ता जातो. सहा महिन्यांपूर्वी डब्यात आजच्यापेक्षा किती जास्त होते? आधी आईने तोंडी सांगावे, मग मुलांनी चिन्हांसह वहीत मांडावे.