मुंबईत जन्म, अमेरिकेत २१ अजिंक्यपदं: एका कॉलेज प्रशिक्षकाच्या ४५ हंगामांचा हिशेब

जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका केंद्रीय न्यायालयाने कॉलेज खेळांचं अर्थकारण बदलून टाकणाऱ्या तडजोडीला मंजुरी दिली. १ जुलै २०२५ पासून तिथली विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. आता प्रश्न आहे तो वाटपाचा. तिकीट आणि टीव्हीचा पैसा आणणारे खेळ तिथे दोनच, अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल. बहुतेक रक्कम तिकडेच जाणार हे उघड आहे. मग मुलींच्या खेळांचं काय?

हा वाद समजून घ्यायचा तर एका माणसाची कारकीर्द पाहावी लागते. नाव अॅन्सन डोरन्स. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचे १९७९ पासूनचे प्रशिक्षक. ऑगस्ट २०२४ मध्ये, नवा हंगाम तोंडावर असताना ते निवृत्त झाले. आपल्या वाचकांना नवल वाटेल, पण या गृहस्थांचा जन्म मुंबईचा, १९५१ सालचा. वडील तेल कंपनीत नोकरीला, त्यामुळे बालपण भारत, आफ्रिका आणि युरोप असं फिरण्यात गेलं. अमेरिकेत तेव्हा ज्या खेळाला फारसं कोणी विचारत नव्हतं, तो फुटबॉल त्यांना या फिरतीत मिळाला.

आधी कायदा, मग प्रशिक्षक

डोरन्स यांच्या यशाची गोष्ट सहसा त्यांच्यापासून सुरू होते. खरं तर ती १९७२ पासून सुरू करायला हवी. त्या वर्षी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचं कलम आलं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच त्यात लिहिलं आहे. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. पण पुढे त्याचा सरळ अर्थ असा लागला की, मुलांना मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती देत असाल तर मुलींनाही द्या.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूल संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत.

या लाटेत नॉर्थ कॅरोलिनातल्या मुलींनी आपल्या हौशी क्लबला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मागितला. डोरन्स तेव्हा तिथे पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षक होते. विद्यापीठाने मुलींचा संघही त्यांच्याच हाती दिला, आणि १९८८ पर्यंत ते दोन्ही संघ सांभाळत राहिले. म्हणजे सुरुवातीला ही जागा मानाची नव्हती, जोडकाम होतं. फरक इतकाच की ते पगारी काम होतं, आणि ते चालू ठेवणं संस्थेला कायद्याने भाग होतं.

वहीत लिहिलेला सराव

यश लगेच आलं. १९८१ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. १९८२ मध्ये एनसीएए या मुख्य संघटनेने महिलांची स्पर्धा सुरू केली, तीही यांनीच जिंकली. १९८६ ते १९९४ सलग नऊ वेळा विजेतेपद. २०१२ पर्यंत एनसीएएची एकूण २१. मध्ये एक काळ असा होता की १०३ सामने हा संघ हरलाच नाही.

या पहिल्या वर्षांत स्पर्धा कमी होती, हे मान्य करायला हवं. १९८२ च्या त्या स्पर्धेत १२ संघ होते, आज ६४ असतात. जो आधी आला त्याला मैदान मोकळं मिळालं. पण आधी आलेले इतरही होते, त्यांना हे जमलं नाही.

डोरन्स यांची पद्धत साधी होती. सरावातलं प्रत्येक काम मोजायचं. एकास एक झुंज, धाव, गोलवर फटका, छोट्या संघांचे सामने, जे काही झालं त्याचा निकाल लिहून ठेवायचा आणि क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. ही कल्पना त्यांनी त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्याकडून घेतली. मायकल जॉर्डनला घडवणारे ते हेच स्मिथ.

यामागचा विचार आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला ओळखीचा वाटेल. मुलींना सगळ्यांशी जुळवून घे, पुढेपुढे करू नकोस असंच शिकवलेलं असतं. मैत्रिणीला सरावात हरवायचं म्हटलं तरी संकोच. डोरन्स यांनी तो संकोच काढण्याची सोय केली. आज तू जिंकलीस, उद्या ती जिंकेल, वहीत दोन्ही लिहिलं जाईल. त्यामुळे भांडण माणसाशी राहत नाही, आकड्याशी राहतं.

एका कॉलेजातून देशाचा संघ

१९८६ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाचं कामही डोरन्स यांच्याकडे आलं. हा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता त्याच्या आदल्याच वर्षी. पाच वर्षांनी, ३० नोव्हेंबर १९९१ रोजी चीनमधल्या ग्वांगझू शहरात, पहिल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल मिशेल एकर्सचे. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स, तसंच मिया हॅम आणि क्रिस्टिन लिली या नॉर्थ कॅरोलिनाच्या.

इथे कॉलेजचं महत्त्व कळतं. तेव्हा अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग नव्हती. देशाच्या संघासाठी कच्चा माल तयार करणारी जागा एकच होती, कॉलेज. फी माफ, राहण्या-जेवणाची सोय, रोजचा सराव, चार वर्षांचं स्थैर्य. हे सगळं ज्या मुलीला मिळतं, ती बाविसाव्या वर्षी घडलेली खेळाडू असते.

ही साखळी पुढेही चालली. हाइनरिक्स यांनी २००४ मध्ये प्रशिक्षक म्हणून अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. सिंडी पार्लो कोन २०२० मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्ष झाल्या. इंग्लंडच्या लूसी ब्राँझ आणि अॅलेसिया रूसोही याच विद्यापीठातून खेळून गेल्या.

खात्याची दुसरी बाजू

हिशेब म्हटला की नावेची बाजूही पाहावी लागते. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स आणि विद्यापीठावर लैंगिक छळाचा दावा लावला. मुलींच्या खासगी आणि शारीरिक संबंधांबद्दल प्रशिक्षक संघात बोलत, विचारत, असा आरोप होता. डोरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. दावा जवळपास दहा वर्षं चालला. २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने, हे प्रकरण सुनावणीला जाण्यासारखं आहे, असा निर्णय दिला. २००८ च्या सुरुवातीला विद्यापीठाने दुसऱ्या खेळाडूशी ३ लाख ८५ हजार डॉलरवर तडजोड केली. डोरन्स यांनी तिची लेखी माफी मागितली आणि अशा बोलण्यात भाग घेणं योग्य नव्हतं असं मान्य केलं. पहिल्या खेळाडूचा दावा त्याआधीच तडजोडीने मिटला होता.

यानंतरही ते सोळा वर्षं पदावर राहिले. विद्यापीठाने २०१९ मध्ये मैदानाला त्यांचं नाव दिलं. मुद्दा असा की, ज्या ‘टायटल नाइन’ने डोरन्स यांना काम दिलं, त्याच कलमाखाली त्यांच्या विद्यापीठाला न्यायालयात उभं राहावं लागलं. संघ जिंकत असतो तोवर प्रशिक्षकाला कोणी प्रश्न विचारत नाही. संघात कोण, मैदानावर कोण, शिष्यवृत्ती कोणाला, हे सगळं एकाच माणसाच्या हातात असतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने तक्रार करायची तर कोणाकडे? कायदा नसता तर हे प्रकरण न्यायालयापर्यंतही गेलं नसतं.

नवा पैसा, जुनी भीती

२०१२ नंतर डोरन्स यांना पुन्हा विजेतेपद मिळालं नाही. २०१८, २०१९ आणि २०२२ मध्ये अंतिम सामन्यात हार. इतर विद्यापीठांनी गुंतवणूक केली आणि अंतर भरून काढलं. २०२१ पासून खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागलं, नावावर जाहिरातीचे पैसे मिळू लागले. चार वर्षं एकाच मुलीला घडवायचं, ही डोरन्स यांची जुनी रीत त्यात अवघड झाली. ते गेल्यावर डॅमन नाहास यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून संघ हाती घेतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच संघाने वेक फॉरेस्टला १-० ने हरवून विजेतेपद परत आणलं. म्हणजे माणूस गेला तरी बांधलेली व्यवस्था उभी राहिली.

ती किती दिवस राहील, हे मात्र नव्या पैशावर ठरेल. थेट मिळणाऱ्या रकमेलाही समानतेचं कलम लागू आहे, असं मार्गदर्शन अमेरिकी शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये काढलं. सरकार बदलताच फेब्रुवारीत ते मागे घेतलं गेलं. कायदा तोच आहे, पण तो या पैशाला लावायचा की नाही, हे आता न्यायालयात ठरणार.

आपल्याकडे काय?

डोरन्स यांनी मुलींचा संघ हाती घेतला त्या सुमारास भारतीय महिला फुटबॉल कुठे होता? कोझिकोडच्या आशियाई स्पर्धेत आपण उपविजेते होतो. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेते. गोव्याच्या योलांडा डिसूझा यांच्यासारख्या खेळाडू त्या पिढीत होत्या. गुणवत्तेत आपण मागे नव्हतो. नंतर तिकडे विद्यापीठांत पगारी प्रशिक्षक आला, आपल्याकडे आला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, मडगावात आणि नवी मुंबईतही सामने झाले. भुवनेश्वरला भारताची पहिली गाठ अमेरिकेशी पडली. निकाल ०-८. तरी खेळाडूंनी हार मानलेली नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरात २-१ ने हरवून भारतीय महिला २०२६ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरल्या.

सीमाभागातल्या कॉलेजांचं चित्र वाचकांना ठाऊक आहे. एक ‘पीडी सर’. कबड्डी तेच बघणार, खो-खो तेच, अॅथलेटिक्सही तेच. विद्यापीठाची विभागीय स्पर्धा आली की पंधरा दिवस आधी मुली गोळा करायच्या. पदवी झाली की बूट माळ्यावर. यात पीडी सरांचा दोष नाही, एका माणसाने किती करायचं? पण मुलींच्या संघासाठी वर्षभर पगारी प्रशिक्षक ठेवा, अशी सक्ती करणारा कायदाच आपल्याकडे नाही.

आणि प्रशिक्षक नेमायचा तर दुसरा धडाही सोबत घ्यावा. २०२२ मध्येच आपल्या १७ वर्षांखालील महिला संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या कारणावरून काढावं लागलं. कॉलेजांत अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्याने आणि यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी बंधनकारक आहे. समितीची पाटी कार्यालयाबाहेर असते. ती मैदानापर्यंत पोहोचते का, बाहेरगावी स्पर्धेला गेलेल्या मुलीला तिचा फोन नंबर माहीत असतो का, हे पालकांनी प्रवेश घेतानाच विचारायला हवं.

डोरन्स यांच्यासारखा प्रशिक्षक आपल्या हातात नाही, तो नशिबाचा भाग. पण प्रशिक्षकाचं पद आणि त्याच्यावरची देखरेख या दोन गोष्टी संस्थाचालकांच्या आणि दोन्ही बाजूंच्या सरकारांच्या हातात आहेत. कॉलेजच्या अंदाजपत्रकात मुलींच्या संघासाठी एक वेगळी ओळ आहे का, एवढं जरी यंदा विचारलं गेलं, तरी सुरुवात होईल.