रंगाईच्या दरात पाण्याचाही खर्च धरा

आम्ही कापडाचे व्यापारी सूत, मजुरी, रंग, वीज, भाडे आणि दलाली यांचा हिशेब पैशापर्यंत करतो. मात्र कापड रंगविल्यानंतर बाहेर पडणारे पाणी साफ करण्याचा खर्च आमच्या वहीत क्वचितच दिसतो. वहीत नाही म्हणून तो कोणी भरत नाही, असे नाही. आधी नदीकाठचा शेतकरी तो भरतो आणि पुढे एक दिवस व्यापाऱ्यालाही व्याजासह भरावा लागतो. तामिळनाडूतील तिरुपूर शहराने हा धडा महागात घेतला आहे.

बनियन व टी-शर्टच्या धंद्यातील प्रत्येकाला तिरुपूर ठाऊक आहे. हे शहर नोय्याल नदीवर वसले असून ती पुढे कावेरीला मिळते. सुती कापडावर पक्का रंग बसावा म्हणून रंगाईच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. रंग धाग्याकडे ढकलला जातो तो मिठामुळे. पण मीठ स्वतः कापडात राहत नाही, सगळे पाण्याबरोबर बाहेर जाते. न बसलेला रंगही त्यातच असतो. चुना व फेरस टाकून पाणी निवळले की रंग बराच उतरतो, पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते. विरघळलेले मीठ मात्र जसेच्या तसे राहते.

तिरुपूरला हेच घडले. १९९०च्या दशकात तेथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, परंतु ती मीठ काढू शकत नव्हती. नोय्यालवरचे ओरतुपालयम धरण १९९२ साली शेतीसाठी बांधले गेले. त्यात खारट पाणी साचू लागले आणि ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्या शेतकऱ्यांनाच ते पाणी नकोसे झाले. शेतकरी कोर्टात गेले. २००९ साली सुप्रीम कोर्टानेही कारखानदारांवरची जबाबदारी कायम ठेवली. तरीही पाणी सुटतच राहिले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने सातशेहून अधिक रंगाई व ब्लिचिंग कारखाने बंद करून त्यांची वीज तोडण्याचा हुकूम दिला. कामगार बेकार झाले, ऑर्डरी अडकल्या, माल रंगविण्यासाठी परगावी पाठवावा लागला.

त्यानंतर मार्ग निघाला. पाणी आर.ओ.च्या पडद्यांतून गाळायचे, उरलेले खारट पाणी आटवायचे आणि मिळालेले पाणी व मीठ पुन्हा रंगाईलाच वापरायचे. नदीत थेंबही सोडायचा नाही. या पद्धतीने बहुतेक पाणी परत मिळते. पण ती फुकट नाही. आटविण्याला इंधन व वीज फार लागते आणि निकामी गाळ व मिश्र मीठ साठवीत बसावे लागते. म्हणूनच आता संशोधकांचे लक्ष हौदातच मीठ कमी करण्याकडे आहे : कमी मिठावर बसणारे रंग, कमी पाण्यात चालणारी यंत्रे, रंग चटकन धरील अशी सुताची पूर्वप्रक्रिया. आमच्या मते खरी बचत तेथेच आहे. जे मीठ घातलेच नाही, ते काढावेही लागत नाही.

आता आपल्याकडे पाहू. पंचगंगेच्या काठावर वसलेल्या इचलकरंजीला नदीच्या प्रदूषणामुळे कृष्णेतून पाणी आणावे लागले. त्यात शहरांचे मैलापाणी व इतर उद्योगांचाही वाटा आहे. सारा दोष रंगाईवर टाकणे अन्यायाचे होईल. पण आपला वाटा शून्य नाही, हेही खरे.

आमचे बांधव म्हणतील, "आम्ही जादा दर दिला आणि शेजाऱ्याने स्वस्तात रंगवून घेतले, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल." ही भीती रास्त आहे. म्हणूनच हे काम एकट्याचे नव्हे, असोसिएशनचे आहे. प्रोसेसवाल्याच्या बिलात पाणीप्रक्रियेचा आकार वेगळ्या ओळीत दाखविला जावा आणि त्या ओळीवर कोणी घासाघीस करू नये. ज्याच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती नाही, त्याला माल देऊ नये. कमी मिठाच्या रंगांची चाचणी करणाऱ्या छोट्या कारखानदाराला पहिल्या काही लॉटची हमी द्यावी, कारण शेड बिघडण्याचा धोका तो एकटा पत्करू शकत नाही.

आम्ही मीटरमागे चार-आठ आणे तोडून घेतो, तेव्हा प्रोसेसवाला ते रंगात वाचवू शकत नाही. रंग कच्चा निघाला तर माल परत येतो. तो वाचवितो पाण्यात, कारण पाण्याची तक्रार घेऊन दुकानात कोणी येत नाही. तिरुपूरला ती तक्रार कोर्टातून आली. आपल्याकडे ती येण्याआधी हा खर्च आपणच वहीत लिहून घेणे शहाणपणाचे ठरेल.