मर्यादवेल आणि चार चाकं

आमच्या वऱ्हाडातून समुद्राकडे रस्त्यानं गेलेली पहिली प्रवासी म्हणजे रुक्मिणी. माहेर कौंडण्यपूर, म्हणजे आमच्या धामणगाव रेल्वेहून जवळच, वर्धेच्या काठी. आणि सासर एकदम द्वारका! मागे भावाचं सैन्य लागलेलं, तेव्हा रथाचा वेगही बेताचा नसणार. पण द्वारकेला पोचल्यावर श्रीकृष्णानं रथ तसाच लाटांत घातला आणि चाकांनी पाणी उडवून दाखवलं, असं कुठल्याही कीर्तनकाराच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. देव असूनही त्याला एवढी पोच होती.

ही पोच हल्ली सुटत चालली आहे. पूर्वी आमच्याकडचा माणूस कोकणात जायचा म्हणजे रात्रभर रेल्वे, मग मुंबईच्या नातेवाइकांकडे मुक्काम, मग एस.टी. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरता खुला झाला आणि पहाटे चहा पिऊन निघालेली वऱ्हाडी मंडळी रात्रीच्या जेवणाला श्रीवर्धनला टेकू लागली. सोबत तीळाची चटणी, दोन डबे चिवडा आणि मिरचीचा ठेचा. कोकणी माणूस खोबरं घालून आपल्याला उपाशी मारील, अशी आमची पिढीजात समजूत! याबद्दल माझी काही तक्रार नाही. रस्त्याबद्दल तर नाहीच नाही. माझं भांडण आहे ते रस्ता संपल्यावरही न थांबणाऱ्यांशी.

बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढते आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरते. गाडीचा पाण्याशी एवढा संबंध पुरे आहे. पण बोटीतून उतरल्यावर काहींच्या अंगात दर्यावर्दी संचारतो आणि किनारा दिसला रे दिसला की गाडी वाळूत! आमचे मेहुणे याच पंथातले.

"जवाईबुवा, एका गाडीनं असं काय होते जी?"

मी म्हटलं, "तुमच्या हरभऱ्यात एक गाय शिरली तर काय होते?"

"ते गोष्ट वेगळी हाये. ते वावर हाय आपलं."

इथेच सगळं आलं. धुऱ्याच्या वीतभर जागेसाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस किनाऱ्यावर आला की एकदम विश्वकुटुंबी होतो. वाळूवर पेरलेलं दिसत नाही, म्हणजे ती पडीक!

पण पेरलेलं असतं. वेळासला जाऊन पाहा. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण हिवाळ्याच्या रात्री समुद्रातून वर येते, भरतीच्या रेषेपलीकडे दीडेक फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. ना पाटी, ना कुंपण, ना सात-बारा. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात ती उजेडाच्या दिशेनं, म्हणजे एरवी समुद्राकडे, धावतात. तिथे आपल्या गाडीचा दिवा चमकला की बिचारी वाट चुकतात. चाकाच्या चाकोरीत पडली तर त्यांच्या मानानं ती दरीच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून वेळासकरांना बरोबर घेऊन ही अंडी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं पाहायला माणसं येऊ लागली, घरोघरी पाहुणे उतरू लागले, उकडीच्या मोदकांना गिऱ्हाईक मिळालं. म्हणजे वाळूतलं हे पीक त्या गावाच्या ताटात पडतं. आता सांगा, हे वावर नाही तर काय?

हीच मंडळी मेळघाटात किती शहाणी असतात! वाटाड्यानं सांगितल्याशिवाय खोकत नाहीत, गाडीतून पाय खाली टाकत नाहीत. याला मी निसर्गप्रेम मानायला तयार नाही. वाघाला दात असतात, एवढंच त्याचं कारण. कासवाला दात नसतात. कायदा मात्र दोघांना सारखाच लागू आहे: १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघंही शेजारी शेजारी बसलेले आहेत.

दुसरा युक्तिवाद असतो तो अभियंत्यांच्या थाटाचा. "ओहोटीची वाळू डांबरासारखी टणक असते, भाऊ." असते ना! पण सहाएक तासांनी समुद्र आपली जागा परत मागायला येतो आणि रोज मागच्या दिवसापेक्षा पाऊणएक तास उशिरा येतो. त्यामुळे काल निभावलं ते घड्याळ आज कामाला येत नाही. मग गावातला ट्रॅक्टर, दोरखंड, अर्धं गाव आणि गाडीत खारं पाणी.

तिसरा म्हणतो, "सरकारनं बंदी करावी, शिपाई ठेवावेत." शाळेत ७२० किलोमीटर म्हणून घोकलेला किनारा, दर शंभर पावलांवर शिपाई उभा करायचा तर आपल्यालाच खाकी चढवून जावं लागेल. आणि निसर्गानं आपला एक बिनपगारी शिपाई तिथे कधीच ठेवलेला आहे. वाळूवर पसरलेली, जांभळ्या फुलांची एक वेल असते. भरतीच्या वरच्या अंगाला ती वाळू धरून ठेवते, वाऱ्याबरोबर उडू देत नाही. चार वेळा चाकं फिरली की ती तुटते, वाळू सुटते आणि मागचं सुरूचं बन समुद्राच्या तोंडी येतं. कोकणी माणसानं तिला नाव ठेवलंय मर्यादवेल. याहून स्पष्ट पाटी लावणं कुठल्या खात्याला जमणार आहे?

तेव्हा मंडळी, कोकणात अवश्य जा. सोलकढी प्या, घामाला नावं ठेवा, मासे नको असतील तर वरणभात मागा, मिळतो. फक्त मर्यादवेल दिसली की गाडी अलीकडेच सुरूच्या सावलीत लावा, चपला हातात घ्या आणि चालत जा. सातशे किलोमीटर बसून आलेल्या माणसाला पुढची शंभर पावलं चालणं काही जड नाही.