भुसावळात वसंताची बाग पाण्यापासून आखा, बियांपासून नाही

मंडळी, सध्या मळ्या-मळ्यांत भरीत पार्ट्या चालू आहेत. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातायत, अंगात स्वेटर आहे, हवा मस्त आहे. आणि याच दिवसांत मोबाइलवर "येत्या वसंतासाठी घरची बाग कशी तयार कराल" असे व्हिडिओ फिरायला लागतात. ते पाहून दरवर्षी आपल्याकडे कुंड्या येतात, बियांची पाकिटं येतात, नर्सरीतून गुलाब येतात. एप्रिलच्या शेवटी त्यातल्या निम्म्याहून जास्त कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात उपड्या पडलेल्या असतात.

मग लोक म्हणतात, "भुसावळात काही जगत नाही, भाऊ."

जगतं. पण आपण दुसऱ्यांचं कॅलेंडर वापरतो. ज्या देशात मार्चमध्ये बर्फ वितळतो, तिथे वसंत म्हणजे हंगामाची सुरुवात. आपल्याकडे पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. निंबाला मोहोर येतो, पाडव्याला आपण त्याची फुलं-पानं खातो, इथवर सगळं छान. पण त्याच महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि मे महिन्यात 45 ओलांडतो. म्हणजे आपला वसंत ही झाडांच्या परीक्षेची वेळ आहे, लागवडीची नाही. पुण्या-मुंबईचा सल्लासुद्धा आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. भुसावळात घरची बाग आखायला बसलात की आधी कागदावर पाणी लिहा, मग सावली लिहा, आणि बियांचं नाव सगळ्यात शेवटी. दुसरं म्हणजे, ही फक्त घरातली हौस नाही. बाग जगवायची तर कुंपणाबाहेरच्या काही गोष्टीही बदलाव्या लागतील, आणि त्या नगरपालिकेकडे मागाव्या लागतील.

"प्यायला पाणी नाही, बाग कसली?"

हा प्रश्न रास्त आहे. तापीकाठचं गाव, हतनूर धरण उशाशी, तरी नळाला रोज पाणी येत नाही, हे भुसावळकराला सांगायला नको. 2011 च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या 1 लाख 87 हजारांवर होती, नंतर वस्ती वाढतच गेली. अशा गावात पिण्याच्या पाण्याचा पाइप धरून कोणी लॉन भिजवत असेल तर शेजाऱ्याला राग येणारच, आणि यायलाच हवा.

म्हणून हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा म्हणजे सुमारे 9 चौरस मीटर. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजीपाल्याला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे त्या वाफ्याला 45 ते 50 लिटर. मे महिन्याच्या उन्हात तेच 80-90 लिटरवर जातं. आच्छादन आणि सावली असेल तर कमी.

आता घरातून बाहेर जाणारं पाणी मोजा. पाच माणसं, प्रत्येकाची अंघोळ एका 15 लिटरच्या बादलीत, झाले 75 लिटर. भाज्या, डाळ-तांदूळ आणि खरकटं काढून घेतलेली भांडी धुतल्याचं पाणी 25 लिटर धरा. 100 लिटर झाले. हे पाणी आज गटारीत जातंय. नळाचा एक थेंब जास्त न घेता 100 चौरस फुटांचा वाफा मेपर्यंत काढता येतो. त्याहून मोठी बाग आखू नका. पाणी जेवढं, तेवढाच वाफा.

काही पथ्यं मात्र पाळायची. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी बागेत नको, त्यातल्या सोडियममुळे आपली काळी माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं. अंघोळीचं पाणी झाडाच्या बुडाशी, पानांवर नाही. कोथिंबीर-मेथी-मुळा यांना तर ते नकोच, तिथे तांदूळ-डाळीचं धुवण घाला. आरओ मशिनचं टाकाऊ पाणी खारट असतं, कूलरच्या टाकीत तळाला उरलेलंही तसंच. ते दुसऱ्या पाण्यात मिसळून मोठ्या झाडांना द्या, कुंडीला नको. आणि साठवलेल्या प्रत्येक ड्रमला झाकण हवंच. बागेच्या नावाखाली डेंग्यूचे डास पाळायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट इथल्या घरमालकांसाठी. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वाफा भिंतीला खेटून केलात तर पाया हलतो, भिंतीला तडे जातात. वाफा भिंतीपासून चार-पाच फूट लांब घ्या.

मग लावायचं काय, आणि कधी?

भरताचं वांगं आत्ता डोक्यातून काढा. बामणोदचं असो की आणखी कुठलं, ते पावसाळ्यात लावून हिवाळ्यात खायचं पीक आहे. आत्ता वाफा खणा, शेणखत किंवा घरचं कंपोस्ट मिसळा. थंडी ओसरायला लागली की, म्हणजे जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, भेंडी, गवार, चवळी, गिलकी, काकडी लावा. मार्च-एप्रिलमध्ये भाजी मिळेल आणि खरं ऊन सुरू होईपर्यंत निम्मं काम झालेलं असेल. मार्चमध्ये पेरायला घेतलंत तर कोवळी रोपं थेट भट्टीत जातात.

गिलकीचा वेल पश्चिमेला मांडवावर चढवा. दुपारी तीन ते सहा याच बाजूचं ऊन भिंत तापवतं आणि रात्री बारापर्यंत खोलीत परत सोडतं. भिंत आणि मांडव यांच्यात हवा खेळली पाहिजे. भाजी मिळेल ती मिळेल, घर थोडं गार राहील हा मोठा फायदा. उरलेल्या कुंड्यांवर एप्रिलपासून हिरवी शेडनेट बांधा. मातीवर गव्हाचं भूस, वाळलेला पाला, केळीची वाळलेली पानं, जे मिळेल त्याचा तीन-चार बोटं जाड थर द्या. मोठ्या झाडाशेजारी बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि झाकून ठेवा. ठिबकचं गाव आपल्या शेजारी जळगावला आहे, पण मडकं हेही ठिबकच आहे, आणि परवडतं.

मोठी झाडं, म्हणजे निंब, शेवगा, लिंबू, सीताफळ, कढीपत्ता, ही वसंतात लावायचीच नाहीत. एप्रिल-मेमध्ये खड्डे खणून तापू द्या, जूनच्या चांगल्या पावसानंतर लावा. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची मुळं खाली गेलेली असतात.

ज्यांना अंगण नाही, दोन खोल्यांत भाड्याने राहतात, त्यांच्यासाठीही बाग आहे. ऊन येत असेल तिथे पाच डबे ठेवा: पुदिना, कोथिंबीर, मिरची, ओवा, कढीपत्ता. दिवसाला दोन-तीन तांबे धुवण पुरतं.

एक विनंती घरातल्या पुरुष मंडळींना. बऱ्याच घरांत बागेची हौस एकाची आणि बादल्या वाहायच्या दुसरीने, असं चालतं. बाथरूमच्या पाइपाला एक जोड देऊन पाणी थेट वाफ्यात न्यायला प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आधी ते करा, मग गुलाब आणा.

आता कुंपणाबाहेरचं बोलू

गेल्या काही वर्षांत आपण अंगणं बुजवली. धूळ नको म्हणून पेव्हर ब्लॉक, चिखल नको म्हणून कोबा, गाडी लावायला फरशी. रस्त्यावरही तेच, काँक्रीट थेट झाडाच्या खोडाला भिडवलेलं. मुळांना ना हवा, ना पाणी. मग पहिल्या वादळात झाड पडतं आणि आपण म्हणतो झाडच कमकुवत होतं. रेल्वे कॉलनीतल्या जुन्या झाडांखालून मे महिन्यात दुपारी चालत जा आणि मग आपल्या नव्या प्लॉटिंगमधल्या रस्त्यावर या. फरक सांगायला थर्मामीटर लागत नाही.

आखाजीला माहेरी आलेल्या पोरींनी झोका बांधायचा तो निंबाच्या फांदीला. आज किती गल्ल्यांत झोका पेलेल असा निंब शिल्लक आहे, ते आपापल्या गल्लीत मोजून पाहा.

कायदा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा आहे. त्यानुसार स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, शहरात वृक्ष प्राधिकरण असावं लागतं आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हावी लागते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडांना हेरिटेज दर्जा मिळाला. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. हे आपल्याकडे करायला कुणाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

पावसाचंही तसंच. आपल्या भागात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 1000 चौरस फुटांच्या स्लॅबवर तेवढ्यात सुमारे 65 हजार लिटर पाणी पडतं. थोडं वाया गेलं तरी 50 हजार लिटर जमिनीत किंवा बोअरमध्ये जिरवता येतं. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला जलपुनर्भरण सक्तीचं आहे. आपल्याकडचे बहुतेक प्लॉट त्याहून लहान. म्हणजे लहान घरांनी स्वतःहून करायचं आणि नगरपालिकेने त्यांना काही सवलत द्यायची, हाच मार्ग उरतो.

म्हणून माझ्या चार मागण्या. कोणत्याही पक्षाच्या नाहीत, कुणीही उचलाव्यात.

1) कोणत्या भागात कोणत्या दिवशी आणि किती वाजता पाणी, याचं वेळापत्रक जाहीर करा आणि पाळा. दिवस माहीत असेल तर माणूस साठवणही कमी करतो आणि बागही आखतो. अंदाज नसला की प्रत्येक घर भीतीपोटी ड्रमवर ड्रम भरतं आणि पुढच्या पाण्याला आधीचं ओतून देतं.

2) नवीन रस्ता किंवा पेव्हर ब्लॉकच्या कामाच्या अंदाजपत्रकातच झाडाभोवती एक मीटर मोकळी माती धरा. नंतर फोडायला लागू नये.

3) झाडांची गणना करून प्रभागनिहाय यादी लोकांसमोर ठेवा. यादी असली की झाड रात्रीतून गायब होणं अवघड जातं.

4) रोपवाटप 5 जूनच्या फोटोसाठी नको. तेव्हा आपल्याकडे बहुधा पाऊस आलेला नसतो आणि माती तापलेली असते. पाऊस स्थिरावल्यावर रोपं द्या, सोबत ओल्या कचऱ्याचं खत द्या, आणि पुढच्या मेमध्ये किती जगली याची मोजणी करा. लावलेल्या झाडांचा आकडा पुरे झाला, जगलेल्यांचा सांगा.

कुणी म्हणेल, शंभर फुटांच्या वाफ्याने शहराचं तापमान कमी होणार आहे का? एका वाफ्याने नाही होणार. पण ज्या घराने स्वतःचं सांडपाणी मोजलंय, पेव्हर ब्लॉकचे दोन ओळी काढून निंब लावलाय, ते घर नगरसेवकाला नेमका प्रश्न विचारतं. त्याला "बघू, करू" म्हणून वाटेला लावता येत नाही.

तर या रविवारी नर्सरीत जाण्याआधी एवढंच करा. घरातल्या अंघोळीच्या बादल्या मोजा, दुपारी चार वाजता ऊन कुठल्या भिंतीवर पडतं ते पाहा, आणि आपल्या गल्लीत बुडाशी काँक्रीट भरलेली झाडं किती आहेत ती मोजा. तिन्ही आकडे प्रभागाच्या नावासह इथे खाली लिहा. चांगली यादी झाली तर तीच घेऊन आपण मुख्याधिकाऱ्यांना भेटायला जाऊ.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कुठे नाही पटलं तेही लिहा.

#भुसावळ #घरचीबाग #पाणीआणिसावली