चित्र पाहणाऱ्यावरही नजर

संग्रहालयात आलेला माणूस चित्र पाहत असतो. अलीकडे काही ठिकाणी त्याच वेळी त्यालाही पाहिले जाते. चित्रापुढे तो किती वेळ थांबला, नजर कुठे खिळली, मेंदूत काय हालचाल झाली, हे मोजणारे संशोधन वाढते आहे. त्यातून एक जुना प्रश्न नव्याने समोर आला आहे : ज्याच्यावर अभ्यास चालला आहे, त्याला विचारले का?

नेदरलँड्समधील हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०२४ मध्ये व्हर्मीरच्या ‘मोत्याचे डूल ल्यालेली मुलगी’ या चित्राबाबत असा अभ्यास करवून घेतला. सहभागी झालेल्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी आणि नजरेची हालचाल त्यात टिपली गेली. मूळ चित्रापुढे मिळणारा भावनिक प्रतिसाद प्रतिकृतीपेक्षा कितीतरी तीव्र असतो, असा निष्कर्ष जाहीर झाला. यात डोक्याला उपकरण लावून घेणाऱ्याला आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक असते.

इटलीतील बोलोन्याच्या संग्रहालयांत २०२१ मध्ये वापरलेली ‘शेअरआर्ट’ यंत्रणा वेगळी होती. कलाकृतींजवळचे कॅमेरे समोर येणाऱ्या चेहऱ्यांची दिशा, अंतर आणि पाहण्याचा कालावधी नोंदवत. एका कलाकृतीवर नजर सरासरी चार-पाच सेकंदच टिकते, असे त्यातून दिसले. अशा पद्धतीत अंगाला काही लावावे लागत नाही. सोय यातच आहे आणि अडचणही. तिकीट काढून आत आलेला प्रत्येकजण आपोआप अभ्यासाचा भाग होतो.

दाराशी ‘येथे कॅमेरे आहेत’ अशी पाटी लावली की काम झाले, असे मानले जाते. पण पाटी ही सूचना आहे, संमती नव्हे. न्यूरेंबर्ग संहितेपासून (१९४७) संमतीला दोन अटी आहेत : कशासाठी काय केले जाणार हे समजणे आणि नाही म्हणण्याची मोकळीक असणे. दुसरे दालन नसेल, तर नाही म्हणणाऱ्याने चित्र न पाहताच परतायचे का?

संशोधकांची अडचणही खरी आहे. आपल्यावर नजर आहे हे कळले की माणूस वेगळा वागतो. चित्रापुढे उगाच रेंगाळतो. म्हणूनच जोखीम नगण्य असेल आणि संमती घेऊन अभ्यास करणे व्यवहार्य नसेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सूट देतात. मात्र ती द्यायची की नाही, हे नैतिकता समितीने ठरवायचे असते. संशोधकाने किंवा कॅमेरे पुरवणाऱ्या कंपनीने नव्हे.

कायद्याचे कुंपण येथे विरळ आहे. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत यंत्राने भावना ताडण्यास, वैद्यकीय व सुरक्षेचे अपवाद वगळता, बंदी घातली. म्हणजे दालनातल्या पहारेकऱ्याला त्या बंदीचे संरक्षण आहे, समोरच्या प्रेक्षकाला नाही. त्याची भिस्त माहिती संरक्षणाच्या सर्वसाधारण नियमांवर. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सशर्त सूट आहे. साहजिकच खरी जबाबदारी नैतिकता समित्यांवर येते.

आपल्याकडे याचे महत्त्व अधिक, कारण संग्रहालयांत शाळांच्या सहली मोठ्या संख्येने येतात. संशोधनात मुलांसाठी पालकांची संमती आणि सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकार अपेक्षित असतो. सहलीच्या अर्जावरची पालकांची सही प्रवासासाठी असते, प्रयोगासाठी नसते.

उपाय अवघड नाहीत. अभ्यास ठरावीक दालनात, ठरावीक दिवशी करावा; तेच प्रदर्शन कॅमेऱ्याविना पाहण्याची वेळ राखून ठेवावी. नेमके काय मोजले, हे आधी सांगता येत नसेल तर बाहेर पडताना सांगावे आणि आपली नोंद पुसण्याचा पर्याय तिथेच द्यावा. किती जणांनी ती पुसायला सांगितली, हा आकडाही निष्कर्षांसोबत छापावा.